इंग्रजीतील अनिश्चित सर्वनामे आणि क्रियापद : एका जुन्या देवघेवीचा इतिहास

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या अध्यापकाला एक चूक वर्षानुवर्षे भेटत राहते. ‘कोणीही आले नाही’ या साध्या मराठी वाक्याचे इंग्रजी रूपांतर करताना विद्यार्थी ‘एनीबडी डिड नॉट कम’ असे लिहितो. त्याहून थोडा सावध असलेला विद्यार्थी ‘नोबडी डिड नॉट कम’ असे लिहितो. दोन्ही वाक्यांवर तांबडी रेघ ओढली जाते आणि शेजारी ‘नोबडी केम’ हे शुद्ध रूप लिहून अध्यापक पुढच्या पानाकडे वळतो. परंतु याच वाक्याला, इंग्रजी व्याकरणात ज्याला ‘क्वेश्चन टॅग’ म्हणतात तो शेवटचा छोटा प्रश्न जोडावयास सांगितले, तर खरी अडचण उभी राहते. शुद्ध उत्तर आहे ‘नोबडी केम, डिड दे?’ येथे विचारी विद्यार्थी दोन शंका काढतो. पहिली अशी की, ‘केम’ हे क्रियापद तर होकारार्थी दिसते. मग नियमाप्रमाणे पुढे ‘डिडन्ट’ यावयास हवे होते, ते ‘डिड’ कसे झाले? दुसरी अशी की, ‘नोबडी’ हे एकवचनी असल्याचे आपणच शिकविता. मग त्याच्या जागी ‘दे’ हे अनेकवचनी सर्वनाम कोठून आले?

या शंकांना ‘तसा नियम आहे’ एवढे उत्तर देणे सोपे आहे. परंतु ते उत्तर नव्हे. दोन्ही शंका इंग्रजी भाषेच्या सुमारे बाराशे वर्षांच्या इतिहासातील दोन स्वतंत्र घडामोडींकडे बोट दाखवितात. एक घडामोड निषेधाची, दुसरी वचनाची व लिंगाची. दोहोंतही अनिश्चित सर्वनाम आणि क्रियापद यांच्यामध्ये एक प्रकारची देवघेव चाललेली आहे. वाक्यातला निषेध कोणी वाहावयाचा, आणि ‘अनेकांपैकी प्रत्येक’ हा अर्थ कोणी सांभाळावयाचा, हा त्या देवघेवीतला प्रश्न आहे. आज आपण ज्यांना इंग्रजीचे सनातन नियम समजतो ते या देवघेवीतील बरेच अलीकडचे ठराव आहेत, एवढे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम ही सर्वनामे कशी घडली ते पाहू. मराठीत ‘कोण’ या प्रश्नार्थक सर्वनामापासून ‘कोणी’ हे अनिश्चित सर्वनाम होते. संस्कृतात ‘कः’ पासून ‘कश्चित्’ होते. प्राचीन इंग्रजीतही ‘ह्वा’ हे आजच्या ‘हू’चे पूर्वरूप ‘कोण’ आणि ‘कोणी’ अशा दोन्ही अर्थांनी वापरले जाई. पण पुढे इंग्रजीने ही वाट बहुतांशी सोडली आणि दुसरीच पद्धत धरली. ‘एक’, ‘वस्तू’, ‘माणूस’, ‘शरीर’ अशा साध्या नामांना ‘सम’, ‘एनी’, ‘एव्हरी’, ‘नो’ ही विशेषणे जोडून तिने आपली अनिश्चित सर्वनामे बनविली. ‘एनी’ हा शब्द ‘आन’ म्हणजे ‘एक’ या प्राचीन शब्दापासूनच आलेला आहे. ‘एव्हरी’ म्हणजे मूळचे ‘एव्हर’ आणि ‘ईच’ या दोन शब्दांच्या पूर्वरूपांचा जोड, अर्थात ‘सदैव प्रत्येक’. ‘नन’ हा शब्द ‘ने’ आणि ‘आन’ म्हणजे ‘न’ आणि ‘एक’ यांचा संधी आहे. लॅटिन भाषेतील ‘नेमो’ हा शब्दही असाच, ‘न’ आणि ‘माणूस’ या अर्थाच्या दोन शब्दांचा आहे.

‘बडी’ अंती असलेली रूपे मध्ययुगीन इंग्रजीत दिसू लागतात. त्या काळी ‘बॉडी’ या शब्दाचा ‘व्यक्ती’ असाही सामान्य अर्थ होता. सोळाव्या-सतराव्या शतकांपर्यंत त्यांच्या बरोबरीने ‘नो मॅन’, ‘एव्हरी मॅन’, ‘एनी मॅन’ अशी रूपे मुबलक वापरात होती. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या अधिकृत भाषांतरात ‘नो मॅन’ हे रूप पदोपदी आढळते. पुढे ‘बडी’ आणि ‘वन’ यांनी ‘मॅन’ला हळूहळू मागे सारले. ही रूपे दीर्घकाळ दोन स्वतंत्र शब्दांप्रमाणे तोडून लिहिली जात. ‘नो वन’ तर आजही तोडूनच लिहितात. म्हणजे नाम आणि विशेषण यांची ही जोडी सर्वनाम होऊन बसण्याची क्रिया पुरतेपणी मुरलेली नाही, असेच म्हणावे लागते.

येथे एका हरवलेल्या सर्वनामाचाही उल्लेख केला पाहिजे. प्राचीन इंग्रजीत ‘मन’ हा शब्द, आजच्या जर्मनप्रमाणे, ‘कोणीही एक, सर्वसाधारण माणूस’ या अर्थी स्वतंत्र सर्वनाम म्हणून चालत असे. त्याचा उच्चार पुढे झिजून ‘मे’ असा झाला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास तो लुप्त झाला. त्याने रिकामी केलेली जागा एकट्या कोणालाच भरता आली नाही. काही ठिकाणी ‘वन’ आले, काही ठिकाणी ‘यू’, काही ठिकाणी ‘दे’ आणि ‘पीपल’, आणि पुष्कळ ठिकाणी तर क्रियापदाच्या कर्मणी प्रयोगाने ते काम केले. मराठीत ‘माणसाने खोटे बोलू नये’ या वाक्यातला ‘माणूस’ आणि ‘असे म्हणतात’ या वाक्यातला अध्याहृत कर्ता हीच कामे करतात. सर्वनाम गेले आणि त्याचे ओझे क्रियापदाच्या प्रयोगावर पडले, हा आपल्या विषयातील देवघेवीचा पहिला नमुना होय.

२

आता निषेधाकडे वळू. तुलनेसाठी मराठीतील एकच वाक्य घेऊ : ‘कोणी कोणाला काही सांगितले नाही.’ या वाक्यात तीन अनिश्चित सर्वनामे आहेत आणि निषेध मात्र एकच आहे. तो क्रियापदापाशी आहे. मराठीत ‘नाही’ हा शब्द स्वतःच क्रियापदासारखा चालतो. ‘मी नाही, तू नाहीस, ते नाहीत’ अशी त्याची पुरुष-वचनानुसार रूपे होतात. ‘नोबडी’ किंवा ‘नथिंग’ यांच्या तोडीचा निषेधगर्भ शब्द मराठीत नाही आणि त्याची उणीवही कधी भासत नाही. कारण निषेधाचे सगळे ओझे क्रियापद एकटे वाहते.

हेच वाक्य आजच्या प्रमाण इंग्रजीत ‘नोबडी टोल्ड एनीबडी एनीथिंग’ असे होईल. येथेही निषेध एकच आहे. पण तो क्रियापदाजवळ नसून पहिल्या सर्वनामात आहे. त्यापुढची सर्वनामे ‘एनी’ची रूपे धारण करतात आणि क्रियापद होकारार्थी राहते. ‘एनी’ला आपल्याआधी निषेध, प्रश्न किंवा ‘जर-तर’ अशा एखाद्या आधाराची गरज असते. एडवर्ड क्लाइमा यांनी १९६४ मध्ये इंग्रजीतील निषेधावरील आपल्या निबंधात या आधारांचे बारकाईने वर्गीकरण केले. ‘एनीबडी डिड नॉट कम’ हे वाक्य चुकते ते याच कारणाने; त्यात आधार मागून येतो आणि आधार घेणारा शब्द आधीच येऊन बसतो.

प्राचीन इंग्रजीची रीत या दोहोंहून निराळी होती. तेथे क्रियापदापूर्वी ‘ने’ हा निषेधवाचक शब्द तर येईच, शिवाय वाक्यातील अनिश्चित सर्वनामेही निषेधरूपात येत. ‘कोणी आले नाही’ या अर्थी ‘ने कोम नान मन’, म्हणजे शब्दशः ‘न आला न-एक माणूस’, या धर्तीची रचना त्या काळी सर्वमान्य होती. दोन निषेध मिळून होकार होतो असे कोणाला वाटत नसे. निषेध वाक्यभर पसरलेला असे आणि प्रत्येक शब्द त्याची साक्ष देत असे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात सरदाराच्या सौजन्याचे वर्णन करताना लागोपाठच्या दोन ओळींत चार निषेध योजिले आहेत. त्याच्या वाचकांना त्यात कसलाही घोटाळा वाटला नसणार.

मग ‘ने’चे पुढे काय झाले? हा शब्द उच्चारात अगदी दुबळा होता. निषेध ठसविण्यासाठी त्याला टेकू देण्याची गरज भासू लागली. तो टेकू एका अनिश्चित सर्वनामाने दिला. ‘विख्ट’ म्हणजे वस्तू किंवा प्राणी. त्यावरून ‘नाविख्ट’ म्हणजे ‘कोणतीही वस्तू नाही’, आजच्या भाषेत ‘नथिंग’. ‘ने’सोबत हा शब्द क्रियापदामागे येऊ लागला. प्रारंभी त्याचा अर्थ ‘काहीएक नाही’ असा होता. वारंवार वापराने तो ‘मुळीच नाही’ असा झाला, आणि अखेर नुसता ‘नाही’ उरला. उच्चार झिजत जाऊन ‘नाविख्ट’चा ‘नॉट’ झाला. शून्य या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि निषेधवाचक इंग्रजी शब्द हे दोन्ही नागरी लिपीत ‘नॉट’ असेच लिहावे लागतात. आणि लिपीने सहज केलेले हे एकीकरण व्युत्पत्तीच्या दृष्टीने अगदी यथार्थ आहे. पंधराव्या शतकापर्यंत मूळचे ‘ने’ नाहीसे झाले आणि टेकू देण्यासाठी आलेला ‘नॉट’ घराचा मालक झाला.

डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या निषेधविषयक ग्रंथात ही प्रक्रिया अनेक भाषांतील उदाहरणांनी मांडली. १९७९ मध्ये ओस्टेन दाल यांनी तिला ‘येस्पर्सनचे चक्र’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले. फ्रेंचमध्ये ‘ने’ला टेकू देण्यासाठी ‘पा’ म्हणजे ‘पाऊल’ हा शब्द आला आणि आज बोलीत ‘ने’ गळून नुसते ‘पा’ निषेध दर्शविते. मराठी वाचकाला यात परके वाटण्याजोगे काही नाही. ‘त्याला काडीची अक्कल नाही’, ‘तिळभरही फरक पडला नाही’, ‘त्याची कवडीचीही किंमत नाही’ या प्रयोगांत क्षुद्र वस्तूचे नाव निषेधाला बळकटी देण्यासाठीच येते. भेद इतकाच की, मराठीत ‘नाही’ हे क्रियारूप भक्कम असल्यामुळे ‘काडी’ला त्याची जागा बळकावता आली नाही.

सारांश, आज इंग्रजी क्रियापदाला चिकटून बसलेला ‘नॉट’ हा मूळचा एक अनिश्चित सर्वनामच आहे. सर्वनामाने आपला एक घटक क्रियापदाला कायमचा देऊन टाकला, हा देवघेवीचा दुसरा आणि सर्वांत मोठा नमुना होय.

पुढे ‘डू’ या साहाय्यक क्रियापदाचा उदय झाला. सोळाव्या शतकात ‘आय नो नॉट’ या जुन्या रचनेशेजारी ‘आय डू नॉट नो’ ही रचना वाढत गेली आणि अठराव्या शतकापर्यंत नित्याच्या क्रियापदांबाबत ती स्थिर झाली. त्यामुळे इंग्रजी भाषकापुढे दोन मार्ग खुले झाले. ‘आय नो नथिंग’ म्हणून निषेध सर्वनामावर ठेवावा, किंवा ‘आय डोन्ट नो एनीथिंग’ म्हणून तो क्रियापदावर ठेवावा. यांपैकी पहिला मार्ग जुना, दुसरा नवा. ही निवड केवळ लहरीवर अवलंबून नसते, हे गुनेल टोटी यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. लेखनात जुनी रचना अधिक टिकून आहे, बोलण्यात नवी अधिक आढळते. पण बोलण्यातही ‘बी’ आणि ‘हॅव’ यांसारखी अत्यंत नित्याची क्रियापदे जुन्या रचनेलाच धरून राहतात. ‘देअर इज नोबडी हिअर’, ‘आय हॅव नथिंग’ ही वाक्ये कोणाच्याही तोंडी सहज येतात. जे शब्द रोज हजार वेळा वापरले जातात ते जुनी घडण सोडण्यास सर्वांत उशीर लावतात. अनियमित क्रियारूपे नित्याच्या क्रियापदांतच का उरतात, याचेही कारण हेच आहे. रोजच्या इंग्रजीतील अगदी साध्या वाक्यांत सर्वांत जुना थर दडलेला असतो तो असा.

३

वाक्यभर निषेध पसरविण्याची रीत प्रमाण इंग्रजीतून गेली कशी? याचे श्रेय अथवा दूषण साधारणपणे अठराव्या शतकातील व्याकरणकारांना दिले जाते. जेम्स ग्रीनवुड यांनी १७११ च्या आपल्या व्याकरणात, दोन निषेध मिळून होकार होतो, असे सांगितले. बिशप रॉबर्ट लाउथ यांचे लहानसे व्याकरण १७६२ मध्ये निघाले आणि त्याच्या पुढील आवृत्तीत हाच नियम आला. मूळचे अमेरिकेतील वकील आणि पुढे इंग्लंडमध्ये यॉर्क येथे स्थायिक झालेले लिंडले मरे यांचे व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या असंख्य आवृत्त्यांमुळे तो नियम शाळाशाळांतून पोहोचला. लॅटिन व्याकरणाचा आदर्श आणि गणितातील ऋणचिन्हांचा दाखला या दोहोंचे त्याला पाठबळ होते.

तथापि इतिहासाला धरून बोलावयाचे तर एवढे मान्य केले पाहिजे की, सुशिक्षितांच्या लेखनातून अनेक निषेधांची रीत अठराव्या शतकापूर्वीच बरीच ओसरली होती. व्याकरणकारांनी वाहत्या पाण्याची दिशा बदलली नाही. त्यांनी तिच्या काठावर पाटी लावली. पण त्या पाटीचा एक परिणाम निश्चित झाला. जी रीत पूर्वी राजापासून नांगऱ्यापर्यंत सर्वांची होती ती आता अडाणीपणाची खूण ठरली. ‘आय एंट गॉट नथिंग’ किंवा ‘नोबडी टोल्ड नोबडी नथिंग’ ही वाक्ये लंडनच्या कामगारवस्तीत आणि इंग्लंडच्या व अमेरिकेच्या अनेक बोलींत आजही ऐकू येतात. विल्यम लॅबोव्ह यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीतील निषेधाचा अभ्यास करून, या रचनेलाही स्वतःचे नेमके नियम आहेत, हे सिद्ध केले. ती तर्कहीन असती तर फ्रेंच, स्पॅनिश, रशियन या भाषाही तर्कहीन ठरल्या असत्या. कारण त्यांतही निषेधाचे सर्वनाम आणि निषेधाचा अव्यय शेजारी नांदतात. भाषेत बेरीज-वजाबाकी चालत नाही. तेथे एकवाक्यता चालते.

या दृष्टीने आपल्या विद्यार्थ्याच्या ‘नोबडी डिड नॉट कम’ या वाक्याकडे पाहावे. ते आजच्या प्रमाण इंग्रजीत अशुद्धच आहे आणि ते दुरुस्त केलेच पाहिजे. परंतु विद्यार्थ्याने केले काय? मराठीच्या सवयीने त्याने निषेध क्रियापदापाशी ठेवला आणि शिकविल्याप्रमाणे सर्वनामातही ठेवला. नकळत त्याने चॉसरच्या काळातली वाक्यरचना पुन्हा उभी केली. या चुकीत विचाराचा अभाव नाही. दोन व्याकरणांचे विचार एकाच वाक्यात आले आहेत एवढेच.

४

आता दुसरी शंका, ‘दे’ कोठून आले. ‘एव्हरीबडी’, ‘नोबडी’, ‘समवन’ ही रूपे घडणीने एकवचनी आहेत आणि त्यांचे क्रियापदही एकवचनीच असते. ‘एव्हरीबडी नोज’ असेच म्हणावयाचे, ‘एव्हरीबडी नो’ असे नाही. पण अर्थाने ‘एव्हरीबडी’ म्हणजे एक जण खचितच नव्हे. क्रियापद कर्त्याला लगटून असते, म्हणून त्याच्यावर रूपाची सत्ता चालते. पुढे येणारे सर्वनाम कर्त्यापासून दूर असते, म्हणून त्याच्यावर अर्थाची सत्ता चालते. त्यातून ‘एव्हरीबडी हॅज ब्रॉट देअर बुक’ हे वाक्य निर्माण होते. त्यात ‘हॅज’ एकवचनी आणि ‘देअर’ अनेकवचनी आहे. ‘नन’च्या बाबतीत तर क्रियापदही अर्थाकडे झुकले. ‘न-एक’ अशी त्याची व्युत्पत्ती दाखवून पुष्कळांनी त्याला एकवचनाच्या दावणीस बांधण्याचा प्रयत्न केला; परंतु त्याचा अनेकवचनी प्रयोग प्राचीन इंग्रजीपासून चालत आलेला आहे.

‘दे’ हा शब्द इंग्रजीने उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन भाषेतून घेतला. अनिश्चित एकवचनी नामाच्या किंवा सर्वनामाच्या जागी त्याचा वापर चौदाव्या शतकापासून लेखी आढळतो. म्हणजे हा शब्द भाषेत रुळू लागला तेव्हापासूनच तो हे काम करीत आहे. जेन ऑस्टिनसारख्या काटेकोर लेखिकेच्या कादंबऱ्यांतही तो प्रयोग विपुल आहे. असे असता १७४६ मध्ये जॉन कर्कबी यांनी आपल्या व्याकरणात, जेथे लिंग निश्चित नसेल तेथे पुल्लिंगी रूप अधिक व्यापक समजावे, असा नियम घातला. पुढील व्याकरणांनी तो उचलला आणि ‘एव्हरीबडी’च्या मागे ‘ही’ आणि ‘हिज’ लिहिणे शुद्धतेचे लक्षण ठरले. आपल्याकडच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले, पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचे १९३० च्या दशकातील व्याकरणही याच परंपरेतले. त्यांपैकी रेन यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केली होती.

हा नियम कागदावरचा निरुपद्रवी नियम राहिला नाही. १८५० साली ब्रिटिश पार्लमेंटने, कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा, असा अधिनियम केला. १८६७ च्या मतदानविषयक कायद्यात ‘एव्हरी मॅन’ असे शब्द होते. या दोन्ही कायद्यांच्या आधारे मँचेस्टर येथील हजारो स्त्रियांनी मतदारयादीत नाव घालण्याचा हक्क सांगितला. १८६८ मध्ये ‘चॉर्ल्टन विरुद्ध लिंग्ज’ या खटल्यात न्यायालयाने तो नाकारला. भारतात १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमातही तोच नियम आहे. तरीही १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा वकिलीच्या सनदेसाठीचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने त्या स्त्री असल्याच्या कारणावरून फेटाळला, आणि ही आडकाठी दूर होण्यास १९२३ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. पुल्लिंगात स्त्रीलिंग समाविष्ट आहे, असे व्याकरण सांगत होते. पण प्रत्यक्ष हक्काची वेळ आली तेव्हा तो समावेश आढळला नाही. सर्वनामांचा प्रश्न किती दूरवर जातो याचे हे उदाहरण बोलके आहे.

बोलीने मात्र कर्कबी यांचा नियम कधीच पाळला नाही. अलीकडे लेखनानेही आपली मान तुकविली. २०१९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपद्धतीच्या सातव्या आवृत्तीने एकवचनी ‘दे’ला स्पष्ट मान्यता दिली. अनेकवचनी सर्वनाम एकासाठी वापरण्याचा हा इंग्रजीतील पहिलाच प्रसंग नव्हे. ‘यू’ हे मूळचे अनेकवचन; एका व्यक्तीला ‘यू’ म्हणण्याविरुद्ध क्वेकर पंथाचे जॉर्ज फॉक्स यांनी १६६० मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह एक मोठे पुस्तक प्रसिद्ध केले होते. आज त्या वादाची आठवणही सामान्य इंग्रजी वक्त्याला नाही.

मराठी भाषकाला तर एकासाठी अनेकवचन वापरण्याचे नवल वाटण्याचे कारणच नाही. ‘गुरुजी आले’, ‘वडील घरी नाहीत’ असे आपण नित्य म्हणतो. मात्र अनिश्चित व्यक्तीचे लिंग न सांगण्यासाठी मराठीने वेगळाच मार्ग काढला आहे. दारावर थाप पडली की आपण ‘कोणीतरी आलं आहे’ असे म्हणतो. आला की आली हे ठाऊक नसते, म्हणून क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात येते. मराठी क्रियापदाला लिंग असल्यामुळे ही अडचण तेथेच उद्भवते आणि तेथेच सुटते. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही; ते ‘समबडी हॅज कम’ म्हणून मोकळे होते आणि अडचण पुढच्या सर्वनामावर ढकलली जाते. ‘इट’ हे सर्वनाम माणसाला लावणे अपमानकारक, म्हणून ती जबाबदारी ‘दे’ने उचलली. तेच काम दोन भाषांनी वाक्यातल्या दोन वेगळ्या जागी केले आहे.

५

आता ‘नोबडी केम, डिड दे?’ या वाक्याकडे परत येऊ. त्यातील ‘डिड’ सांगते की, क्रियापद होकारार्थी दिसत असले तरी सबंध वाक्य निषेधाचे आहे. क्रियापदाने सोडून दिलेला निषेध सर्वनामाच्या पोटात शिल्लक आहे. त्यातील ‘दे’ सांगते की, रूप एकवचनी असले तरी अर्थ अनेकांना कवेत घेणारा आहे. वस्तुवाचक सर्वनाम घेतले, तर ‘नथिंग हॅपन्ड, डिड इट?’ असे होते. तेथे व्यक्तीच्या लिंगाचा प्रश्न नसल्यामुळे ‘इट’ पुरते. ‘एव्हरीबडी नोज, डोन्ट दे?’ येथे तर आधी ‘नोज’ असे एकवचन आणि मागून ‘डोन्ट’ असे अनेकवचन एकाच वाक्यात, एकाच कर्त्यासाठी येते. कर्ता बदललेला नाही. पहिले क्रियापद रूपाशी जुळते, दुसरे ‘दे’च्या द्वारे अर्थाशी जुळते. दोन-तीन शब्दांच्या त्या छोट्या प्रश्नात बाराशे वर्षांचे हिशेब मांडलेले आहेत.

अध्यापनाच्या दृष्टीने यावरून काय घ्यावयाचे? प्रस्तुत लेखकाच्या मते तीन गोष्टी. पहिली, मराठी विद्यार्थ्याला निषेधाचा इंग्रजी नियम सुटा न शिकविता मराठीशी तुलना करून शिकवावा. ‘मराठीत निषेध क्रियापदापाशी असतो, इंग्रजीत तो वाक्यात जितक्या लवकर येऊ शकेल तितक्या लवकर, आणि एकदाच येतो’ एवढे सूत्र सांगितले, तर वर दिलेल्या दोन्ही चुकांचे मूळ हाती लागते. दुसरी, ‘नित्याचे क्रियापद आणि अनिश्चित सर्वनाम’ यांच्या ‘हॅव नथिंग’, ‘नो नोबडी’, ‘से नथिंग’ अशा जोड्या ही जुनी आणि जिवंत घडण आहे, हे ओळखून त्या सलग मुखोद्गत करवून घ्याव्यात; ‘डोन्ट’ लावून त्यांचे रूपांतर करण्याची घाई करू नये. तिसरी, ‘एव्हरीबडी’ च्या मागे ‘देअर’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत. तो प्रयोग सहाशे वर्षांहून जुना आहे. त्याला चूक ठरविणारा नियम त्याच्या निम्म्या वयाचाही नाही.

चूक दुरुस्त करणे हे अध्यापकाचे कामच आहे. पण दुरुस्तीची तांबडी रेघ ओढण्यापूर्वी ती रेघ कोणी, केव्हा आणि कोणासाठी आखली हे त्याला ठाऊक असावे. म्हणजे विद्यार्थ्याच्या त्या दोन शंकांना ‘तसा नियम आहे’ असे म्हणून वाटेला लावण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.